मणक्यातली साधी गाठ आणि झिरपणारे रक्त : खान्देशातल्या नव्या रुग्णांसाठी उपचारांचा क्रम

‘गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. मात्र गाठ मज्जारज्जूत किंवा त्याच्या खालच्या टोकाशी असेल, तर तेवढ्यावर विसंबून कापूस वेचणी उरकेपर्यंत किंवा घरातले लग्न पार पडेपर्यंत थांबणे महागात पडू शकते. अशा गाठींपैकी काही गाठी वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्त गाळत राहतात. ते रक्त मणक्यातल्या पाण्यात, म्हणजे मस्तिष्कमेरू द्रवात, मिसळून मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्यातले लोह ऐकू येण्याच्या नसेचे, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूचे आणि खुद्द मज्जारज्जूचे नुकसान करते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ज्यांच्या हाती नुकताच असा अहवाल पडला आहे, किंवा ज्यांचे निदान अजून झालेले नाही पण लक्षणे जुळतात, त्यांनी कोणत्या क्रमाने पुढे जावे हे येथे मांडले आहे. रक्त कुठून येते ते आधी शोधावे आणि बाकीचे उपचार त्यानंतर ठरवावेत, हा त्या क्रमाचा गाभा आहे.

पहिली पायरी : गाठ कोणत्या प्रकारची, हे विचारून घ्यावे

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून खाली पायांकडे आणि लघवी-शौचाकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा उतरतो आणि त्यांच्या मधोमध एक बारीक तंतू माकडहाडापर्यंत जातो. या तंतूवर किंवा मज्जारज्जूच्या टोकावर होणारी मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा ही गाठ, झिरपत्या रक्ताच्या संदर्भात सर्वांत आधी लक्षात घ्यावी अशी आहे. जेम्स केर्नोहान यांनी १९३२ मध्ये तिचे वेगळेपण नोंदवले. ती बहुधा तिशी-चाळिशीतल्या माणसांत आढळते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात आणि कंबर वाकवताना तो तंतू ताणला जातो, त्यामुळे तिच्यातून रक्त येण्याची शक्यता राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात ती पहिल्या श्रेणीत होती, पण २०२१ मध्ये ती दुसऱ्या श्रेणीत नेण्यात आली, कारण ती पुन्हा उद्भवते आणि तिच्या पेशी मणक्यातल्या पाण्यातून इतरत्र रुजू शकतात. जुन्या अहवालात ‘ग्रेड १’ आणि नव्यात ‘ग्रेड २’ असे दिसले, तर आजार वाढला असे समजून घाबरू नये. नियम बदलला असण्याची शक्यता अधिक आहे.

दुसरा प्रकार हिमँजिओब्लास्टोमा. ही रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ मज्जारज्जूतच वाढते आणि पुष्कळदा तिच्याजवळ पाण्याची पोकळी तयार होते. ती एकटीदुकटी असू शकते किंवा व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकाराचा भागही असू शकते. तिसरा प्रकार कॅव्हर्नोमा. काटेकोरपणे बोलायचे तर ही गाठ नाहीच. तो पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा पुंजका असतो. पण तो मधूनमधून रक्त सोडतो, त्या त्या वेळी पायांतले बळ एकेक टप्प्याने कमी होते आणि मधल्या काळात रुग्णाला थोडे बरेही वाटते. त्या बरे वाटण्यामुळेच पुष्कळ जण पुढची तपासणी टाळतात.

दुसरी पायरी : लक्षणे लिहून काढावीत

आपल्याकडे कंबर दुखली की ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ यांपैकी एक निदान शेजारीच करून देतात, आणि बहुतेक वेळा दुखणे खरोखरच गादीचे असते. फरक ओळखण्यासाठी एक प्रश्न उपयोगी पडतो. गादीचे दुखणे बहुधा आडवे पडल्यावर कमी होते. कंबरेतल्या या गाठीचे दुखणे पुष्कळदा रात्री, पाठ टेकल्यावर वाढते आणि उठून बसले किंवा चार पावले चालले की हलके होते. केवळ एवढ्यावरून निदान होत नाही, पण हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दीर्घकाळ रक्त झिरपल्याने मेंदू आणि मज्जारज्जूच्या पृष्ठभागावर लोहाचा थर साचतो. या अवस्थेला सुपरफिशियल सिडेरोसिस म्हणतात, आणि तिची लक्षणे कंबरेपासून दूर, भलत्याच ठिकाणी दिसतात. दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागते, चालताना तोल जातो, पाय ताठरतात आणि काहींचा वास घेण्याचा अनुभवही मंदावतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा रुग्णांपैकी ९५ टक्क्यांना बहिरेपणा आणि ८८ टक्क्यांना तोल जाण्याचा त्रास आढळला होता. परिणामी रुग्ण कानासाठी कानाच्या डॉक्टरांकडे, कंबरेसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि पायांना मुंग्या येतात म्हणून साखर तपासायला तिसरीकडे जातो. तिन्ही कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. म्हणून कोणते लक्षण कोणत्या वर्षी सुरू झाले याची एका पानाची नोंद घरीच करावी आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर तेच पान ठेवावे.

नोंद करताना रोजच्या व्यवहारातल्या बारीक गोष्टी मोलाच्या ठरतात. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो का. केळीला पाणी द्यायला रात्री बांधावरून जाताना, बॅटरी असूनही पाऊल नेमके कुठे पडते ते कळेनासे होते का. चालता चालता एका पायातली चप्पल निसटते आणि चार-सहा पावले गेल्यावर ते लक्षात येते का. मज्जारज्जूतून येणारी जाणीव कमी झाली की माणूस डोळ्यांच्या आधाराने चालू लागतो, त्यामुळे अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तो अडखळतो. रुग्णाला प्रमाण मराठीत सांगणे अवघड जात असेल, तर त्याला आपल्या बोलीतच बोलू द्यावे. ‘मनी कंबर दुखस, पायले मुंग्या येतस’ हे खान्देशात काम करणाऱ्या डॉक्टरांना व्यवस्थित समजते. सोबत आलेल्या मुलाने मध्येच तोडून ‘साधी कंबरदुखी आहे’ असे सांगणे हेच अधिक घातक.

काही लक्षणांसाठी मात्र नोंदवही उघडत बसू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पायांतले बळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जाणे, अथवा कंबरेत एकदम कळ येऊन पाठोपाठ तीव्र डोकेदुखी आणि मान ताठ होणे, ही तातडीची लक्षणे आहेत. यातले शेवटचे चित्र गाठीतून अचानक मोठा रक्तस्राव झाल्यावर दिसते. अशा वेळी रात्रीच्या रात्री एमआरआयची सोय असलेले रुग्णालय गाठावे. कंबर चोळून घेणे, हाडवैद्याकडून मणका ‘बसवून’ घेणे किंवा गरम विटेने शेकणे यांत एक तासही घालवू नये.

तिसरी पायरी : योग्य एमआरआय

क्ष-किरण चित्रात ही गाठ दिसत नाही आणि सीटी स्कॅनवरही तिचा भरवसा धरता येत नाही. एमआरआय लागतोच, आणि तोही नेमका काय मागितला आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘एलएस स्पाइन’ एवढाच एमआरआय केला तर कंबरेचा भाग दिसतो. गाठ छातीच्या किंवा मानेच्या पातळीवर असेल तर ती त्यात येत नाही. काही केंद्रे त्याच पैशांत ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ची एक पट्टी जोडून देतात, पण ती पट्टी केवळ ओझरती पाहणी असते. गाठीची शंका असेल तर संपूर्ण मणक्याचा, कॉन्ट्रास्टसह (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन) एमआरआय करावा लागतो. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देण्यापूर्वी क्रिएटिनिनची तपासणी करून मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याची खात्री करतात, म्हणून ती तपासणी जळगावात किंवा धुळ्यातच आधी करून घेतली तर मोठ्या शहरातली एक खेप वाचते.

मेंदूच्या एमआरआयमध्ये ‘एसडब्ल्यूआय’ किंवा ‘जीआरई’ हा भाग समाविष्ट आहे का, हे विचारावे. साचलेले लोह याच चित्रांत काळ्या रेघेसारखे उठून दिसते. लहान मेंदूच्या घड्या आणि मेंदूच्या देठाच्या कडा कुणी शिसपेन्सिलीने गिरवल्यासारख्या दिसतात. हा भाग न घेतलेल्या एमआरआयचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो.

याच्या उलट प्रसंगही घडतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. बहिरेपणा किंवा तोल जाण्याच्या तक्रारीसाठी मेंदूचा एमआरआय होतो, अहवालात ‘सुपरफिशियल सिडेरोसिस’ असे लिहून येते, आणि मेंदूत रक्तस्रावाची जागा सापडली नाही म्हणून शोध तिथेच थांबतो. तो थांबू देऊ नये. रक्ताचा उगम पुष्कळदा मणक्यात असतो: कधी गाठ, कधी रक्तवाहिन्यांचा दोष, तर कधी मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेले छिद्र. अलीकडच्या अनुभवात हे छिद्र गाठीपेक्षाही अधिक वेळा सापडते. तेव्हा ‘संपूर्ण मणक्याची तपासणी झाली का?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा. त्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही.

कधी कंबरेत सुई घालून मणक्यातले थोडे पाणी तपासणीसाठी काढतात. ‘मणक्यातले पाणी काढले की माणूस लुळा होतो’ हा समज खेडोपाडी घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. त्या पाण्यात लाल पेशी, पिवळसर रंग किंवा वाढलेले प्रथिन सापडले तर रक्त झिरपत असल्याचा पुरावा मिळतो. एक काळजी मात्र खरी आहे: कंबरेत गाठ असण्याची शक्यता असेल तर एमआरआय आधी आणि सुई नंतर. हाच नियम कंबरेतून दिल्या जाणाऱ्या भुलीलाही लागू आहे, त्यामुळे गाठीचे निदान झालेल्या स्त्रीने प्रसूतीच्या आणि इतर कोणत्याही शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञांना ते स्पष्ट सांगावे. बोटातून काढलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन चांगले आहे, याचा अर्थ मणक्यात रक्त झिरपत नाही असा होत नाही. झिरपण्याचे प्रमाण इतके अल्प असते की हिमोग्लोबिनवर त्याची छाया पडत नाही.

चौथी पायरी : रुग्णालय आणि खर्च

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्राथमिक तपासणी, रक्ताच्या चाचण्या, संदर्भपत्र आणि पुढे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांसाठी ती उपयोगी पडतात. मज्जारज्जूच्या आवरणाच्या आतली गाठ काढणे हे मात्र मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यचिकित्सकांचे काम आहे, आणि त्यांच्यातही ज्यांचा हात अशा गाठींवर वारंवार चालतो त्यांच्याकडे जावे. भुसावळ-जळगावकडची मंडळी रेल्वेने मुंबई गाठतात, धुळेकर रस्त्याने नाशिकला जातात, नंदुरबारच्या लोकांना सुरत जवळ पडते. राज्याबाहेर जाण्यापूर्वी आपली सरकारी आरोग्य योजना तेथे चालते का, हे विचारून घ्यावे. शल्यचिकित्सकांना दोन गोष्टी विचारायला संकोच करू नये: अशा किती गाठी आपण काढल्या आहेत, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी नसांच्या कामावर यंत्राने लक्ष ठेवण्याची सोय आहे का.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २०१२ मध्ये ही योजना वेगळ्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत धुळे होते, त्यामुळे धुळ्याकडच्या अनेक घरांना तिची सवय आहे. रुग्णालय योजनेत आहे एवढे पुरेसे नाही. ते मेंदू-मज्जारज्जू शस्त्रक्रियेसाठी योजनेत आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) पक्के करावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरच्या नावांत फरक असेल तर तो दाखल होण्याआधी दुरुस्त करावा, कारण मंजुरी अशाच क्षुल्लक कारणांनी अडकते. मोठ्या शहरांतल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा.

पाचवी पायरी : शस्त्रक्रिया

रुग्णाला पालथे झोपवून, मणक्याच्या मागचे हाड उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढतात. तंतूवरची एपेंडिमोमा शक्य तेव्हा तुकडे न करता, तिच्या आवरणासह अखंड काढण्याचा प्रयत्न असतो, कारण आवरण फाटल्यास पेशी पाण्यात सांडून दुसरीकडे रुजण्याची भीती असते. गाठ नसांना चिकटलेली असेल तर शल्यचिकित्सक थोडा भाग जाणूनबुजून मागे ठेवतात. लघवीवरचा ताबा गमावण्यापेक्षा ते बरे, असा हिशेब त्यामागे असतो. उरलेल्या भागासाठी किरणोपचाराचा विचार करतात, आणि तो सुचवला म्हणजे कॅन्सर लपवला असा संशय धरण्याचे कारण नाही. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊची शंका असेल तर शस्त्रक्रियेआधी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, याची रक्त-लघवीची तपासणी आवर्जून करावी. ती गाठ नजरेआड राहिली तर भूल दिल्यावर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते सांगावे. त्या आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. घरी आल्यावर टाक्यांतून पाण्यासारखा स्वच्छ द्राव येणे, उठून बसताच डोके ठणकणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच रुग्णालयाशी त्याच दिवशी संपर्क साधावा. परतीच्या प्रवासाला बसपेक्षा रेल्वेचा खालचा बर्थ चांगला.

सहावी पायरी : साचलेल्या लोहाचे काय?

उगम बंद झाला की नवे रक्त थांबते; आधी साचलेले लोह मात्र तसेच राहते आणि एमआरआयवरची काळी रेघ वर्षानंतरही दिसते. त्यामुळे शस्त्रक्रिया फसली असे मानू नये. काही रुग्णांची घसरण येथे थांबते, काहींची संथपणे चालू राहते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना दिले जाणारे डेफेरिप्रोन हे लोह बांधून ठेवणारे औषध मेंदूपर्यंत पोहोचते, म्हणून काही तज्ज्ञ ते देऊन पाहतात. त्याच्या उपयोगाचा पुरावा लहान अभ्यासांपुरता आहे आणि धोका खरा आहे: पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात. हे औषध चालू असेपर्यंत ठरल्याप्रमाणे, बहुधा दर आठवड्याला, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करावा लागतो आणि ताप आला की औषध थांबवून त्याच दिवशी पेशी मोजाव्या लागतात. आठवड्याला तालुक्याच्या प्रयोगशाळेत जाणे जमणार नसेल, तर ते आधीच डॉक्टरांना सांगणे शहाणपणाचे. लघवी तांबूस होणे हा औषधाचा ज्ञात परिणाम आहे.

जेवणातले लोह आणि मेंदूवर साचलेले लोह यांचा संबंध नाही. मेथी, गूळ, बाजरी बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मनावर घेऊ नये.

कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, दरवर्षी करावी. श्रवणयंत्राने भागेनासे झाले तर कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) विचार होतो, पण दोष नसेतच असल्याने त्याचा लाभ सगळ्यांना सारखा होत नाही. शिवाय इम्प्लांटमधल्या चुंबकामुळे पुढचे एमआरआय अवघड होतात आणि मेंदूची चित्रे बिघडतात, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून क्रम ठरवणे आवश्यक आहे.

सातवी पायरी : घरी

खान्देशातला उन्हाळा हा बधिर पायांचा वैरी आहे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा अंगणातली फरशी किंवा पत्र्याचा जिना अनवाणी ओलांडला तरी पाय भाजल्याचे कळत नाही, आणि फोड संध्याकाळी दिसतो. घरातही चप्पल घालावी, आंघोळीचे पाणी कोपराने तपासावे आणि रोज झोपताना तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. लघवी पूर्ण होत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळीने ती काढण्याचे तंत्र परिचारिकेकडून शिकून घ्यावे. नळी नकोशी वाटते म्हणून पाणी कमी पिणे हा त्यावरचा उपाय नव्हे. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला रुग्णाने एकट्याने जाऊ नये, कारण विहिरीचा काठ आणि गेलेला तोल यांची गाठ पडणे परवडणारे नाही. स्नायूंचे बळ आणि तोल यांसाठी फिजिओथेरपी महिनोन्‌महिने करावी लागते. पहिल्या पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून ती सोडू नये.

चालणे किंवा ऐकणे कायमचे उणावले असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) कार्ड मिळू शकते. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. कान आणि पाय दोन्ही बाधित असतील तर दोन्हींची तपासणी एकत्र नोंदवून घ्यावी. एकट्या पायाचे प्रमाणपत्र घेऊन परत आलेल्यांना दुसरी खेप करावी लागते.

आठवी पायरी : पुढची वर्षे

एपेंडिमोमा दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणे आहेत. म्हणून शल्यचिकित्सक सांगतील त्या अंतराने मेंदू आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय करत राहावे लागते, त्रास नसला तरीही. हिमँजिओब्लास्टोमात व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ विकार सिद्ध झाला तर अपत्यांना तो मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. अशा घरातल्या मुलांची डोळ्यांची तपासणी लहानपणापासून आणि पुढे मूत्रपिंड, पोट, मेंदू व मणक्याची तपासणी ठरल्या वेळी होणे गरजेचे आहे. लग्न जमवताना अडचण येईल या भीतीने ती लपवली, तर टाळता येण्याजोगे अंधत्व त्या मुलाच्या वाट्याला येऊ शकते.

प्रत्येक एमआरआयची सीडी, केवळ फिल्म किंवा मोबाइलवरचा फोटो नव्हे, मागून घ्यावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. गाठीच्या तुकड्याचा अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणी आणि तुकड्याचा ब्लॉक (मेणात जतन केलेला नमुना) कोणत्या प्रयोगशाळेत ठेवला आहे त्याची नोंद याच फायलीत असावी, कारण काही वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना नवी सावली जुनी आहे की आत्ताची, हे त्या कागदांवरूनच ठरवावे लागेल.